नवं-जुनं

2013 सालच्या उन्हाळ्यात बँकेतल्या साहेबांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "काका, घाबरू नका. पुनर्गठन करून देतो. थकबाकी निघून जाते, नव्यानं पाच वर्षांचे हप्ते पडतात. तुम्हाला काही खर्च नाही, फक्त सह्या करायच्या."

साहेब माणूस चांगला होता, माझ्या पोराच्या वयाचा. त्याच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण 'फक्त सह्या' म्हटल्याबरोबर मला आमचे आजोबा आठवले. त्यांना सही येत नव्हती, अंगठा करायचे. कर्जाचा विषय निघाला की म्हणायचे, "अंगठा फुकट असतो रं, कागुद फुकट नसतो."

म्हणून त्या उन्हाळ्यात मी दर खेपेचा खर्च जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवला. तो आकडा पुढं सांगतोच. पण आधी जुनं सांगितलं पाहिजे, कारण कर्जाच्या कागदांच्या बाबतीत आमचा मुलूख फार जुना आहे.

आमचं गाव सुप्याच्या बाजाराचं. सुपे आता बारामती तालुक्यात आहे, पूर्वी भीमथडी तालुक्यात होतं. मी 1975 साली दहावीची परीक्षा दिली. इतिहासाच्या गुरुजींनी तेव्हा सांगितलं होतं, की यंदा बरोबर शंभर वर्षं झाली. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून ही आग भीमथडी, शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि पलीकडं नगर जिल्ह्यात पसरली. साडेनऊशेच्या वर माणसं धरली गेली, पाचशेच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या. सरकारी दप्तरात याला 'दख्खनचे दंगे' असं नाव आहे.

आम्हा पोरांना तेव्हा वाटलं होतं की भुकेनं लोक उठले असतील, धान्य लुटलं असेल. काही ठिकाणी लुटलंही. पण लोकांना खरं हवं होतं ते कागद. खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. ज्या सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. कागद रस्त्यावर आणून जाळले आणि लोक आपापल्या गावाला गेले. पुढं सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं, त्यानंही हेच लिहिलं, की कागद मिळवून नष्ट करणं हा लोकांचा मुख्य हेतू होता.

आता प्रश्न पडतो, की कागदावर एवढा राग कशासाठी? कर्ज तर त्याआधीही होतं. पेशवाईतही कुणबी सावकाराकडून बी-बियाणं घेत होता आणि खळ्यावर फेडत होता. तेव्हा तुकाराम महाराजांच्या काळापासूनच सावकारी होती म्हणायला हरकत नाही, त्यांच्या घरीही सावकारी होती. बाकी कारणं पुस्तकात आहेत. अमेरिकेत लढाई जुंपली तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारानं हात सैल सोडला. 1865 ला लढाई संपली, भाव पडला, सावकारानं हात आखडला. त्यातच सरकारनं जमिनीचा सारा वाढवला. हे सगळं खरंच आहे. पण मला स्वतःला जे कारण कळलं, ते मी बँकेत बसल्यावर कळलं, शाळेत नाही.

1859 साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जाच्या रोख्याची मुदत तीन वर्षं. तीन वर्षांत सावकारानं दावा लावला नाही तर रोखा बाद. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, जुनीपुराणी खतं काढून कुणी कुणाला नाडू नये. पण झालं उलटं. तिसरं वर्ष संपत आलं की सावकार कुळाला बोलावून घ्यायचा. "दावा लावू, का कागद फिरवून देतोस?" कूळ काय बोलणार! मग जुना रोखा फाडायचा, मुद्दल आणि तीन वर्षांचं व्याज मिळून नवं मुद्दल धरायचं आणि नवा रोखा लिहायचा. आमच्या सोसायटीत मार्चअखेरीला आम्ही जे करतो त्याला नवं-जुनं म्हणतात. हे त्याचंच थोरलं भावंडं.

हिशेब करून बघा. शंभर रुपये, महिना दोन रुपये शेकडा. तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नवा रोखा 172 चा. आणखी तीन वर्षांनी तो 295 रुपये 13 आण्यांचा होतो. नवव्या वर्षाअखेर पाचशे नऊ. मधल्या काळात कुळाच्या हातात एक पैसाही नवा आलेला नाही. आपल्याकडं दामदुपटीचा जुना नियम होता, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. शंभराचे फार तर दोनशे. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसलं, तर दामदुपट कशाची लावणार? कुळाला वाचवायला केलेल्या कायद्यानं कुळाच्या हातातली जुनी ढालच काढून घेतली.

शिवाय दर कागदाचा वेगळा खर्च. स्टँप कुळाचा, लिहिणाराची लिहिणावळ कुळाची, साक्षीदारांचं पान-तंबाखू कुळाचं. त्यावर मनोती. मनोती म्हणजे कर्ज देतानाच सावकार त्यातून काही रक्कम कापून घ्यायचा ती. कागदावर शंभर, हातात नव्वद-पंच्याण्णव. परवा माझ्या धाकट्यानं मोबाइलवर पंचवीस हजारांचं कर्ज घेतलं, खात्यावर साडेतेवीस आले. म्हणाला, "दादा, प्रोसेसिंग फी कापली." मी म्हणालो, ही मनोती. त्याला शब्द माहीत नव्हता.

रोखा फिरवला नाही तर कोर्ट. कोर्टाचं समन्स यायचं, कूळ जायचं नाही, कारण जाण्यातच चार दिवस आणि पदरचे पैसे जायचे, आणि जाऊन तरी सांगणार काय, कागदावर अंगठा आपलाच. मग एकतर्फी निकाल. दाव्याचा खर्चही त्याच हुकूमनाम्यात कुळाच्या बोकांडी बसायचा. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी 1874 च्या अखेरीस एका देशमुखाचं राहतं घर दीडशे रुपयांच्या देण्यापायी सावकारानं हुकूमनामा आणून पाडलं. गावानं त्या सावकारावर बहिष्कार घातला आणि बहिष्काराचं लोण गावोगाव गेलं. सुप्याच्या आधी पाचसहा महिने ही गोष्ट घडली.

दंग्यांनंतर 1879 ला सरकारनं डेक्कन शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्यात होते. कायदा खरोखर वेगळा होता. कोर्टानं नुसता शेवटचा रोखा बघायचा नाही, पहिल्यापासूनचा हिशेब उकलायचा. देण्यासाठी शेतकऱ्याला कैद करायचं नाही. हप्ते बांधून द्यायचे. दाव्याआधी सलोखा करणाऱ्या पंचाकडं जायचं. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोरच लिहायचा. न्यायमूर्ती रानडे यांनीही काही वर्षं याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं, खेड्यापाड्यांत फिरून मुन्सफांची कामं तपासली.

एवढं सगळं चांगलं असून आमच्या घराची लवणातली जमीन याच कायद्याच्या राज्यात गेली. आजोबांनी सांगितलेली गोष्ट आहे, कागद आमच्याजवळ नाही. कोर्ट आता गहाणखत उकलून बघतं, हप्ते पाडून देतं, हे कळल्यावर सावकारांनी गहाणखत घेणंच कमी केलं. म्हणायचे, थेट खरेदीखत दे. जमीन तूच कस, पैसे आणून दिलेस की मी परत लिहून देईन, शब्द आहे माझा. पणजोबांनी साठ रुपयांसाठी लवणाची सव्वादोन एकर लिहून दिली. चार वर्षांनी पैसे घेऊन गेले तर शेठजी वारलेले, पोरगा म्हणाला, बापानं माझ्याजवळ काही सांगितलं नाही. पुढं कायद्यात दुरुस्ती झाली, की खरेदीखत असलं तरी ते मुळात गहाण होतं हे तोंडी पुराव्यानं दाखवता येईल. पण तोंडी पुरावा म्हणजे साक्षीदाराचं तोंड. आमचे दोन्ही साक्षीदार प्लेगात गेले होते.

मी सावकाराला शिव्या देत बसणार नाही. रात्री दोन वाजता पोराला विंचू चावल्यावर दार उघडणारा तोच होता, आणि त्याच्याही डोक्यावर मोठ्या पेठेतला बडा सावकार बसलेला असायचा. एवढंच म्हणतो, की कुळाला सवलत देणारा कागद निघाला, की त्या सवलतीची किंमत आधी कुळाकडूनच वसूल व्हायची, आणि ती कुठल्या कागदावर लिहिलेली नसायची.

आजोबांची पाळी 1949 ला आली. 1947 साली मुंबई सरकारनं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला होता. कोर्टात अर्ज द्यायचा, कोर्ट दोन्हीकडचा हिशेब घेऊन कर्ज कमी करतं आणि वार्षिक हप्ते पाडून निवाडा देतं. आजोबांचं मुद्दल सातशे रुपये, शेठजींची मागणी 2,150. निवाडा झाला बाराशेचा, दीडशेचे आठ हप्ते. साडेनऊशे रुपये वाचले. गावात आजोबांचं नाव झालं.

आता खर्च ऐका. निवाड्याला चौदा महिने लागले आणि अकरा तारखा पडल्या. बारामतीला पायी जायचं तर आदल्या रात्री भाकरी बांधून निघावं लागे. बरोबर साक्षीदार, त्यांचा रोजगार बुडाला तो आपण भरून द्यायचा. अर्ज लिहून देणाऱ्याचे पैसे, नकलांचे पैसे. तिसऱ्या तारखेलाच जोडीतला एक बैल एकशे ऐंशीला गेला आणि पुढची तीन वर्षं आमच्या घरची पेरणी दुसऱ्याच्या बैलाशी सावड करून झाली. सावडीत आपली पेर नेहमी मागं राहते. वाफसा निघून गेल्यावर पेरलेल्या बाजरीला काय येणार?

पण सर्वांत मोठा खर्च वेगळाच. निवाडा लागला त्या दिवसापासून शेठजींचं दार बंद झालं. आजोबा बियाण्याला गेले तर ते शांतपणे म्हणाले, "पाटील, तुम्ही सरकारकडं गेलात ना, आता बी पण सरकारच देईल." रागानंसुद्धा बोलले नाहीत. जमिनीवर निवाड्याचा बोजा, म्हणून दुसरा कुणी उभा करीना. सोसायटी आमच्या गावात तेव्हा नावालाच होती. शेवटी माझे वडील मुंबईला गिरणीत गेले. आठ वर्षं दर महिन्याला मनिऑर्डर यायची, आजी ती मडक्यात साठवायची आणि चैत्रात हप्ता भरला जायचा. शेवटचा हप्ता 1957 ला भरला. वडील पुढच्या वर्षी गावाला परत आले आणि 1959 ला मी जन्मलो. माझ्या थोरल्या बहिणीत आणि माझ्यात अकरा वर्षांचं अंतर आहे, ते त्या निवाड्याचं अंतर.

आजोबांना मी एकदा विचारलं होतं, "तात्या, मग तडजोड केली ती चुकलीच म्हणायची का?" म्हणाले, "चुकली न्हाई. न्हाईतर जमीन गेली आसती. पर आठ वरीस पोरगं गेलं, ते धरत न्हाई कुणी हिशेबात."

आता माझा हिशेब. 2011 ला मी एका बँकेतून पाइपलाइन आणि डाळिंबाच्या बागेसाठी 1,80,000 काढले, बारा टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीवर. पहिला हप्ता व्याजासकट भरला. मग 2012 चा दुष्काळ. ज्यानं तो इकडं पाहिला त्याला सांगायची गरज नाही. टँकरनं बाग जगवली, फळ धरलं नाही. मार्च 2013 ला मुद्दल 1,44,000 आणि थकलेलं व्याज 17,280. पुनर्गठनात दोन्हीची बेरीज झाली आणि 1,61,280 हे नवं मुद्दल ठरलं. साहेब संगणकावर आकडा दाखवत होते आणि मला वाटलं, अरे, हा तर तोच रोखा. जुना फाडून नवा लिहिलेला. व्याजावर व्याज वर्षाला दोन हजारांच्या वर. चालायचंच, मुदत तर मिळाली.

वहीतली नोंद अशी आहे. मुद्रांक आणि टायपिंग 1,350. वकिलाचा सर्च रिपोर्ट 2,000, जमीन आमचीच आहे हे तीस वर्षांचं दप्तर बघून सांगण्यासाठी. इतर बँकांचे देणं नसल्याचे दाखले 600. सातबारा, आठ-अ, फेरफार 180. एसटी, चहा, दोन जामीनदारांची दोन वेळची जेवणं 1,940. एकूण 6,070. खेपा अकरा. आजोबांच्या तारखाही अकराच होत्या, हा आपला योगायोग. सह्या मोजल्या नाहीत, पण मंडळींना आणि मला धरून पन्नासाच्या खाली नसतील.

आणि दार इथंही बंद झालं. पुनर्गठन झालेलं खातं म्हणून त्या खरिपाला नवं पीककर्ज मिळालं नाही. कांद्याच्या बियाण्याला आणि खताला चाळीस हजार गावातल्याच एकाकडून तीन रुपये शेकड्यानं घेतले. आठ महिन्यांत व्याज 9,600. बँकेत जे वाचलं ते इकडं गेलं, वर पदरचं गेलं. हा खर्च साहेबांना माहीत नव्हता आणि मीही त्यांना सांगितला नाही. लाज वाटते माणसाला.

पुढं मार्च 2014 ला गारपीट झाली, फक्त व्याज भरलं. नंतर दोन वर्षं पुन्हा कोरडी गेली. 2017 ला राज्य सरकारची कर्जमाफी आली. दीड लाखापर्यंत माफ, पण बाकी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम शेतकऱ्यानं आधी भरायची, मग माफी. बँकेनं उतारा दिला 2,21,640 चा. म्हणजे मी 71,640 भरायचे. ज्याला भरता येत नाही म्हणून थकला, त्यानं माफीसाठी भरायचे. तरी दीड लाख कुणाला सोडवतात? नवरा-बायकोनं दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठे लावायचे, यंत्र आमच्या मंडळींचा अंगठा ओळखेना. आयुष्यभर खुरपं धरलेला हात, रेषा राहतील कुठून! तीन दिवस रांगेत काढले. चौथ्या दिवशी पहाटे पाच वाजता जाल चालू असताना अंगठा उठला.

बेचाळीस हजाराला दुभती गाय विकली. उरलेल्या तीस हजारांसाठी हिची बोरमाळ गहाण ठेवली. माझ्या आईनं लग्नात घातलेली, आईला ती वडिलांनी मुंबईहून परत येताना आणलेली. पैसे भरले, माफी झाली, बेबाकीचा दाखला मिळाला. सातबाऱ्यावरचा बोजा कमी व्हायला मात्र आणखी चौदा महिने आणि चार खेपा गेल्या. बँक म्हणायची तलाठ्याकडं पत्र गेलंय, तलाठी म्हणायचे आलं नाही.

बोरमाळ 2019 च्या दिवाळीत सोडवली. तोवर तिच्यावर साडेसात हजार व्याज झालं होतं. रात्री मी वही घेऊन बसलो आणि ती रक्कम लिहायला लागलो, तर ही म्हणाली, "ते नका लिहू." मी म्हटलं, का? तर म्हणाली, "आवं, दोन वर्सं लग्नकार्यात मोकळ्या गळ्यानं गेले, ते कशात धरताय?" मी पेन खिशात ठेवला. त्या ओळीपुढची जागा वहीत अजून कोरी आहे.